सिव्हिलायझेशन ६: लढाई कधी पुकारायची आणि कशी लढायची

सिव्हिलायझेशन ६ हा पाळीपाळीने, म्हणजे टर्न-टर्नने खेळायचा, आपली संस्कृती वाढवायचा कॉम्प्युटर गेम. तो नव्याने खेळायला घेणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक गट शंभर टर्न निवांत शहरं वसवतो, वंडर (जगप्रसिद्ध वास्तू) बांधतो आणि शेजाऱ्याचे घोडेस्वार सीमेवर दिसले की त्याची धावपळ सुरू होते. दुसरा गट पंचविसाव्या टर्नच्या आतच तीन वॉरियर (सुरुवातीचं पायदळ) घेऊन शेजारच्या राजधानीवर चालून जातो, तिन्ही शहरापुढे गमावतो आणि गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दोघांचंही घोडं एकाच जागी अडतं. लढायचं की नाही हे ते ऐन वेळी ठरवतात. ते ठरवायचं असतं वीस-पंचवीस टर्न आधी. युद्धाचं बटण दाबताना निकाल बहुतेक लागलेलाच असतो. तुमच्याकडे कोणती युनिटं (सैन्याच्या तुकड्या) आहेत, समोर तट उभा आहे का, वाट कुठून जाते आणि तुम्हाला नेमकी कोणती शहरं हवी आहेत, एवढ्यावर तो ठरतो. म्हणून खाली प्रत्यक्ष लढाईइतकीच जागा तिच्या आधीच्या कामाला दिली आहे.

आकडे स्टँडर्ड स्पीडचे, म्हणजे गेमच्या नेहमीच्या वेगाचे आहेत आणि 'गॅदरिंग स्टॉर्म' ही विस्तार-आवृत्ती चालू आहे असं धरलं आहे. मूळ गेम २०१६ चा. शहरांच्या निष्ठेचा, म्हणजे लॉयल्टीचा भाग २०१८ च्या 'राइज अँड फॉल'मध्ये आला आणि ग्रीव्हन्सेसचा, म्हणजे एकमेकांविरुद्धच्या तक्रारींचा हिशोब २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये. नवख्याने 'प्रिन्स' या पातळीवर खेळावं. तिथे एआयला (कॉम्प्युटर चालवत असलेल्या प्रतिस्पर्ध्याला) लढाईत फुकटची मदत मिळत नाही. किंगपासून वर गेलात की एआयच्या प्रत्येक युनिटाला जादा ताकद मिळू लागते आणि डेइटीला (सर्वांत अवघड पातळीला) ती ४ पर्यंत जाते.

लढायचंच आहे का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारा, कारण बऱ्याचदा उत्तर 'आत्ता नाही' असं असतं. पहिला सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) ८० प्रॉडक्शनला, म्हणजे शहराच्या उत्पादनाला पडतो, पुढचे महाग होत जातात. चार आर्चर (तिरंदाज) आणि दोन वॉरियर उभे करायला ३२० प्रॉडक्शन लागतं. आसपास नदीकाठची मोकळी जमीन पडलेली असेल तर त्या ३२० मध्ये तुमची तीनएक शहरं वसतात, तीही कुणाशी वैर न घेता. मोकळी जमीन असताना लढाई परवडत नाही.

तिन्ही बाजूंनी समुद्र किंवा डोंगर आहे आणि चौथ्या बाजूला सात-आठ टाइलवर (नकाशातल्या घरांवर) शेजाऱ्याची राजधानी आहे, असं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सेटलर पाठवायला जागाच नाही, आणि तुम्ही गेला नाहीत तरी तो तुमच्यावर येणारच. अशा वेळी लढाई लवकर आणि पूर्ण तयारीनिशी करावी. जिंकलेल्या राजधानीत लोकसंख्या आयती मिळते, आधी बांधलेले डिस्ट्रिक्ट (शहराचे खास विभाग) मिळतात, कधी एखादं वंडरही हाती लागतं. सायन्स व्हिक्टरीकडे, म्हणजे विज्ञानाच्या जोरावर जिंकण्याकडे जाणाऱ्यालाही सुरुवातीच्या एका युद्धाने दुप्पट शहरं मिळाली तर पुढचा सगळा गेम सोपा जातो. त्यामुळे 'मी शांतपणे खेळणारा, मला लढाईशी काय करायचंय' असं म्हणून हा भाग सोडून देऊ नका.

ठरलं की कागदावर शहरांची नावं लिहा. दोन किंवा तीन, जास्त नाहीत. 'शेजाऱ्याला संपवायचं' हे उद्दिष्ट नवख्याला हमखास गोत्यात आणतं, कारण त्यात थांबायची जागा कुठेच नसते.

शेजाऱ्याची पाहणी

स्काउट किंवा एखादा वॉरियर शेजाऱ्याच्या हद्दीभोवती फिरवून आणा. 'अर्ली एम्पायर' हे सिव्हिक (सांस्कृतिक प्रगतीचा टप्पा) होईपर्यंत हद्दी उघड्या असतात, थेट शहरापर्यंत जाऊन बघता येतं. ते झालं की ओपन बॉर्डर्सचा करार लागतो.

पाहायच्या गोष्टी तीन. पहिली म्हणजे तट. शहराच्या नावपट्टीवर तटाची वेगळी पट्टी दिसते का ते बघा. तट नसलेलं शहर बाण मारू शकत नाही, आणि लवकर केलेल्या स्वारीचा सगळा फायदा यातच आहे. दुसरी, सैन्य. सेटिंग्जमध्ये जाऊन वरच्या उजव्या बाजूच्या नेत्यांच्या चित्रांखाली आकडे दिसतील असं करून ठेवा. त्यात लष्करी ताकदीचाही आकडा असतो. तुमचा आकडा त्याच्या दीडपट झाल्याशिवाय पुढे सरकू नये, असं मी नवख्यांना सांगतो. सरावलेला खेळाडू कमी आकड्यावरही जिंकतो, पण तो जमिनीच्या जोरावर.

तिसरी गोष्ट म्हणजे हीच जमीन. शहराला लागून टेकडी कुठे आहे, नदी कुठल्या बाजूने वाहते, जंगल किती आहे, हे नीट पाहा. याचं महत्त्व आकड्यांत कळतं.

ताकदीचं गणित

प्रत्येक युनिटाला १०० जीव असतो. दोघांची ताकद सारखी असेल तर एका फटक्यात साधारण ३० जीव जातो. तुमची ताकद १० ने जास्त असेल तर तुम्ही ४५ च्या आसपास देता आणि २० खाता. फरक २० चा झाला तर ६७ देऊन १३ खाता. फरक ३० चा असेल तर समोरचा एका फटक्यात आडवा. थोडं कमीजास्त होतं, कारण प्रत्येक वेळी नशिबाचा थोडा भाग असतो, पण अंदाज हाच.

आता वॉरियर घ्या, त्याची ताकद २०. तो टेकडीवर उभा असेल तर ३ मिळतात, तिथे जंगल असेल तर आणखी ३. दोन टर्न न हलता फॉर्टिफाय करून, म्हणजे बचावाचा पवित्रा घेऊन बसला तर ६. झाले ३२. तुमचा स्वोर्ड्समन ३५ चा, म्हणजे एका पिढीने पुढचा, पण नदी ओलांडून हल्ला केला तर त्याचे ५ जातात. राहिले ३०. म्हणजे लोखंड शोधून, खाण खणून, ९० प्रॉडक्शन घालून तयार केलेला तुमचा स्वोर्ड्समन त्या जुनाट वॉरियरपुढे कमी पडला. ही बेरीज-वजाबाकी गेम तुम्हाला दाखवतो. हल्ला करायच्या आधी शत्रूवर माउस नेऊन थांबा, खाली कोणाला किती आणि कशामुळे मिळतंय ते लिहून येतं. पहिल्या काही युद्धांत प्रत्येक हल्ल्याआधी ते वाचायची सवय लावून घ्या. आकडे तोंडपाठ होतात आणि मग टाइल बघूनच कळतं की इथे उभं राहायचं की नाही.

मिलिटरी ट्रॅडिशन हे सिव्हिक झालं की शत्रूला दोन बाजूंनी घेरल्याचेही गुण मिळतात, प्रत्येक जादा युनिटामागे २. बार्बेरियनांची (कुठल्याच देशाच्या नसलेल्या लुटारूंची) एक छावणी उधळली की हे सिव्हिक लवकर पदरात पडतं. छावणी तशीही उधळायचीच असते.

वेळ कधी साधायची

या गेममध्ये हल्ला करणारा आणि बचाव करणारा यांचं पारडं सारखं वरखाली होत असतं. नवीन शस्त्र आलं की हल्लेखोर वरचढ, नवीन तट आला की बचाव करणारा. आपलं पारडं जड असतानाच उतरायचं.

सगळ्यात पहिली संधी तट उभे राहायच्या आधीची, म्हणजे साधारण पंचविसाव्या ते पंचेचाळिसाव्या टर्नच्या दरम्यान. शस्त्र आर्चर. नवख्याने पहिलं युद्ध याच संधीत करावं असं माझं ठाम मत आहे, कारण सैन्य लहान असतं, नकाशा छोटा असतो आणि एका शहराच्या वेढ्यात लढाईची जवळजवळ सगळी अंगं शिकून होतात.

त्यानंतर मेसनरी या तंत्रज्ञानामुळे तट येतात. त्याच मेसनरीत बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका) मिळतो, म्हणून स्वोर्ड्समन आणि रॅम ही जोडी इथे चालते. रोमकडून खेळत असाल तर लीजन हे याच काळाचं हत्यार. पुढे मेडिव्हल वॉल्स आले की रॅम निकामी होतो आणि सीज टॉवर (तटावर चढायचा मनोरा) लागतो. मशिनरीच्या क्रॉसबोमनची ताकद ४०, आर्चरची २५, म्हणून क्रॉसबोमन आणि नाइट घेऊन बरीच मंडळी दुसरं युद्ध करतात. मग बॉम्बार्ड (तोफ). समुद्रकाठच्या शहरांसाठी फ्रिगेट (युद्धनौका); किनाऱ्यावर राजधानी असलेल्या शत्रूवर चार-पाच फ्रिगेट एकदम नेल्या तर जमिनीवरच्या सैन्याची फारशी गरजच उरत नाही, एखादं शहरात शिरणारं युनिट पुरतं. शत्रूला स्टील हे तंत्रज्ञान मिळालं की त्याच्या सगळ्या शहरांना आपोआप आधुनिक तटबंदी येते आणि रॅम-टॉवर दोन्ही इतिहासजमा होतात. तिथून पुढे आर्टिलरी आणि बलून, शेवटी बॉम्बर.

दोन संधींच्या मधल्या काळात लढू नका. तुमच्याकडे आर्चर आणि समोर तट, ही नवख्यांची सर्वांत जास्त दिसणारी फसगत. आर्चरला शहरावर मारा करताना १७ ताकद कमी धरली जाते, आणि तटावर त्याचा मारा निम्माच लागतो. बाण मारत राहायचं आणि तटाची पट्टी जेमतेम हलते.

भारताकडून खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. गेममध्ये भारताचे दोन नेते आहेत, गांधीजी आणि चंद्रगुप्त. (शिवाजी महाराज नाहीत, शोधत बसू नका.) चंद्रगुप्ताची खासियत 'अर्थशास्त्र' या नावाने आहे. मिलिटरी ट्रेनिंग हे सिव्हिक झालं की त्याला प्रदेशविस्ताराचं युद्ध पुकारता येतं आणि पुढचे दहा टर्न त्याच्या सैन्याला ५ ताकद व २ पावलं जादा मिळतात. भारताचा वरू, म्हणजे लढाऊ हत्ती, हॉर्सबॅक रायडिंगला मिळतो. ताकद ४०, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शत्रूची ताकद ५ ने उतरते. हे दोन्ही जुळवून आणलं तर पहिल्या दहा टर्नांत शेजारी सावरूच शकत नाही. गांधीजींकडून खेळताना मात्र बचावाचा विचार करा. त्यांच्याशी लढणाऱ्याला युद्धाचा शीण दुप्पट चढतो, आणि हे हत्यार दुसऱ्याने युद्ध लादल्यावरच खरं उपयोगी पडतं.

जमवाजमव

आर्चर थेट बांधू नका. स्लिंगर (गोफणवाला) ३५ प्रॉडक्शनला पडतो, आर्चर ६० ला. चार स्लिंगर बांधा, आणि आर्चरी हाती आली की प्रत्येकी ६० सोनं देऊन त्यांचे आर्चर करा. म्हणजे २४० सोनं आधीच साठवलेलं हवं. त्यासाठी बार्बेरियनांच्या छावण्या आणि शेजाऱ्यांना विकलेली जादा लक्झरी (चैनीचा माल) उपयोगी पडते. एखाद्या स्लिंगरच्या हातून एक बार्बेरियन मारला गेला तर आर्चरीच्या संशोधनाला चांगलाच वेग मिळतो. म्हणून वॉरियरने बार्बेरियनला अर्धमेलं करायचं आणि शेवटचा दगड स्लिंगरला मारू द्यायचा.

क्राफ्ट्समनशिप हे सिव्हिक झालं की 'अगोगे' ही पॉलिसी लावा. जुन्या काळातल्या पायदळाचं आणि तिरंदाजांचं उत्पादन दीडपट वेगाने होतं. सैन्य तयार झालं की ती काढून दुसरी लावायला विसरू नका.

सैन्यात शहरात शिरणारी युनिटं किमान दोन ठेवा. आर्चर, कॅटापल्ट, फ्रिगेट ही शहर ढासळवू शकतात, ताब्यात घेऊ शकत नाहीत. शहराचा जीव शून्यावर आणून ठेवलाय आणि आत शिरायला एकही वॉरियर जिवंत नाही, हा प्रसंग नवख्यांच्या खेळात फार वेळा दिसतो.

सैन्य सीमेजवळ जमलं की शेजारी विचारतो, 'माझ्या हद्दीशी तुमचं सैन्य कशाला?' तिथे सैन्य हलवायचं वचन देऊन मग हल्ला केला तर वचनभंगाचा बोल वेगळा लागतो. त्यामुळे शक्यतो सैन्य हद्दीपासून तीन-चार टाइल मागेच, टेकडीआड जमवा आणि शेवटच्या दोन टर्नांत पुढे आणा.

कशा प्रकारे पुकारायचं

अचानक हल्ला केला तर १५० ग्रीव्हन्सेस अंगावर येतात. आधी निषेध करून, पाच टर्न थांबून रीतसर युद्ध पुकारलं तर १००. हा आकडा मोठा झाला की ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नाही असे नेतेही तोंड फिरवतात, व्यापाराचे भाव बिघडतात, मैत्रीचे करार होत नाहीत. पाच टर्न थांबून तिसरा हिस्सा वाचत असेल तर थांबावं. शिवाय त्या पाच टर्नांत सैन्य जागेवर आणायचं असतंच. निषेध केल्यावर शेजारी सावध होतो आणि एखादा तट उभारायला घेऊ शकतो, ही याची दुसरी बाजू. तट उभा राहायच्या बेतात आहे असं दिसलं तर मी अचानक हल्ल्याच्या बाजूने कौल देईन. सुरुवातीच्या काळात तुम्हाला ओळखणारे नेतेच दोन-तीन असतात आणि राग पुढे ओसरतो.

डिप्लोमॅटिक सर्व्हिस झाल्यावर बाकीची सबळ कारणं मिळतात. हिसकावलेलं स्वतःचं शहर परत घेणं, मित्राचं शहर सोडवणं, तुमच्या आधिपत्याखालच्या सिटी-स्टेटवर (एकाच शहराच्या राज्यावर) कुणी चालून आलं म्हणून धावून जाणं. यांत युद्ध पुकारल्याचा एकही बोल लागत नाही. असं कारण समोर आलं आणि सैन्य तयार असेल तर ते वाया घालवू नका.

दोन गोष्टी तपासून घ्या. ज्याच्याशी मैत्रीचा करार आहे त्याच्यावर ३० टर्न युद्ध पुकारता येत नाही, म्हणून भावी शत्रूशी मैत्री करून ठेवू नका. आणि बाकीच्या शेजाऱ्यांशी मात्र अगदी याच कारणासाठी मैत्री करून ठेवा: तुमचं सैन्य पूर्वेला गुंतलेलं असताना पश्चिमेकडून कुणी येऊ नये.

वेढा, टर्नागणिक

समजा शहराच्या पश्चिमेला टेकड्या आहेत, पूर्वेला नदी. तट नाही. तुमच्याकडे चार आर्चर, दोन वॉरियर. हल्ला पश्चिमेकडूनच, कारण पूर्वेकडून गेलात तर प्रत्येक वॉरियरला नदीचा फटका.

युद्ध तुमच्या टर्नच्या सुरुवातीला पुकारा, कुणालाही हलवायच्या आधी. म्हणजे पहिला घाव तुमचा. पुकारल्याबरोबर आधी उघड्यावर काम करत असलेला बिल्डर किंवा रस्त्यावरचा सेटलर वॉरियरने धरून घ्या. ते तुमचे होतात. मग आर्चरांनी बाहेरच्या सैनिकांवर मारा करायचा, शहरावर नाही. शहर कुठे पळून जात नाही. बाहेरचा सैनिक मात्र पुढच्या टर्नला तुमच्या आर्चरवर येतो, आणि आर्चर जवळच्या लढाईत फक्त १५ चा.

आर्चरची पावलं दोन असतात. टेकडीवर चढायला दोन्ही खर्च होतात आणि त्या टर्नला बाण सुटत नाही. म्हणून टेकडी एक टर्न आधी गाठायची. एकदा वर बसला की दोन टाइलवरून मारा करतो, आणि मधल्या जंगलामुळे दिसत नाही असंही सहसा होत नाही. वॉरियर पुढे, आर्चर त्यांच्या मागे. वॉरियरनी या काळात हल्ला करायची घाई करू नये, फॉर्टिफाय करून बसावं आणि शत्रूला आपल्यावर आपटू द्यावं.

बाहेरचं सैन्य संपलं की शहर. त्याचा जीव २००. तट नसलेल्या या काळातल्या शहरावर एक आर्चर एका टर्नला वीस-पंचवीस घालवतो. चौघे मिळून शंभराच्या जवळपास. शहर वेढलेलं नसेल तर दर टर्नला २० भरून काढतं. वेढा म्हणजे शहराला लागून असलेली प्रत्येक टाइल तुमच्या पायदळाच्या पहाऱ्यात असणं. प्रत्येक टाइलवर युनिट उभं करायची गरज नाही. पायदळ शेजारच्या टाइलवरही पहारा ठेवतं, त्यामुळे अंतर राखून तीन बाजूंना तीन उभे केले की बहुतेक वेळा पुरतं. आर्चरचा पहारा धरला जात नाही. बंदर असेल तर पाण्याच्या बाजूनेही जहाज लागतं. आपल्याकडे वॉरियर दोनच आहेत, तेव्हा पूर्ण वेढा होणार नाही, पण चार आर्चर असल्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या टर्नला शहर पडतं. शेवटचा घाव वॉरियरचा.

तट असेल तर डाव वेगळा. पायदळाचा तटावर होणारा परिणाम फक्त १५ टक्के असतो. रॅम शहराला चिकटवून उभा केला की तोच परिणाम पूर्ण होतो, आणि एक रॅम सगळ्या पायदळाला पुरतो. घोडदळाला त्याचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. रॅम हे सपोर्ट युनिट असल्यामुळे स्वोर्ड्समनच्या टाइलवरच बसतं; त्याला कधीही एकट्याने पाठवू नका. पहिल्या काळातल्या तटाचा जीव १००, तेव्हा दोन-तीन स्वोर्ड्समन एकाच टर्नला भिडले तर तो पहिल्या-दुसऱ्या टर्नातच कोसळतो. 'एकाच टर्नला' हे महत्त्वाचं. एकेक स्वोर्ड्समन जसजसा पोहोचेल तसतसा भिडवला तर शहराचा बाण रोज एकावरच पडतो आणि तो मरतो. सगळे बाणाच्या टप्प्याबाहेर, तीन टाइलवर थांबवा, जमले की एकदम पुढे.

जखमींचं काय? शत्रूच्या हद्दीत बसलेलं युनिट टर्नला ५ च भरून काढतं, बेवारस जमिनीवर १०, स्वतःच्या हद्दीत १५, शहरात २०. म्हणून जखमी युनिट तिथेच बसवून ठेवण्यापेक्षा दोन टाइल मागे हद्दीबाहेर काढलेलं बरं. दोन युक्त्या आहेत. प्रमोशन (लढाईच्या अनुभवातून मिळणारी बढती) घेतलं की ५० जीव लगेच भरतो, तेव्हा मिळालेलं प्रमोशन तडकाफडकी न घेता जखमी होईपर्यंत राखून ठेवावं. आणि शत्रूचं शेत लुटलं तरी ५० भरतात. लूट हा तर वेगळाच धंदा आहे. दोन घोडेस्वार शत्रूच्या मुलखात सोडायचे, शहरांच्या वाटेला जायचंच नाही, आणि कॅम्पस लुटून सायन्स, कमर्शियल हब लुटून सोनं, होली साइट लुटून फेथ घेऊन निघून यायचं. गनिमी काव्याचं बाळकडू मिळालेल्या आपल्या लोकांना ही रीत लवकर जमते, आणि एकही शहर न घेता अशा धाडींवर युद्धाचा खर्च निघतो.

युद्ध तुमच्यावर आलं तर

याला संकट समजू नका. एआयने युद्ध पुकारलं की ग्रीव्हन्सेस त्याच्या नावावर जमा होतात आणि तुम्हाला मोकळा हात मिळतो. एआय सैन्य चालवण्यात कच्चा आहे. त्याची युनिटं एकामागून एक येतात, नदी ओलांडून, चढावर, तुमच्या आर्चरांच्या समोरून.

शहरात एक आर्चर, समोरच्या टेकडीवर फॉर्टिफाय केलेला एक वॉरियर, मागे आणखी दोन आर्चर, आणि जमलं तर तट. सीमेवर सैन्य जमताना दिसलं की बाकीची कामं बाजूला ठेवून तट पूर्ण करा. तट असलेलं शहर स्वतः बाण मारतं, म्हणजे फुकटचा एक तिरंदाज. त्याचं सैन्य तुमच्या दारात संपलं की त्याची शहरं उघडी पडतात, आणि तेव्हा ताबडतोब निघायचं, त्याने पुन्हा सैन्य उभं करायच्या आत. माझ्या मते नवख्यासाठी शहर जिंकायचा याहून सोपा मार्ग नाही.

कधी थांबायचं

युद्ध सुरू झाल्यावर पहिले दहा टर्न तह होऊच शकत नाही. त्यानंतर दर दोन-तीन टर्नांनी शत्रूशी बोलून बघा. कागदावर लिहिलेली शहरं हाती आली असतील तर तह करा. एक शहर आलं, दुसऱ्याला तट उभा राहिला आणि तुमचे तीन आर्चर गेले, तरीही तह करा. तहाच्या वाटाघाटीत जिंकलेलं शहर कायमचं तुमच्या नावावर लिहून घ्यायला विसरू नका, वर सोनंही मागा. हरत असलेला एआय बरंच देतो.

लांबलेल्या युद्धाने शीण चढतो. प्रत्येक चकमकीगणिक तो साठत जातो, परमुलखात जास्त, आणि त्याचा परिणाम तुमच्या शहरांच्या ॲमेनिटीजवर (लोकांच्या सुखसोयींवर) होतो. पुढच्या काळातल्या युद्धांत हे फार जाणवतं. घरची शहरं नाराज झाली की उत्पादन घसरतं आणि मग आघाडीवर नवीन युनिट पोहोचत नाही.

घेतलेलं शहर टिकवणं हे वेढ्याइतकंच कष्टाचं. नऊ टाइलच्या आतल्या प्रत्येक शहराच्या लोकसंख्येचा दाब त्याच्या निष्ठेवर पडतो. शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊन एकच शहर घेतलं तर चारी बाजूंनी त्याच्याच शहरांचा दाब येतो आणि काही टर्नांत ते बंड करून मोकळं होतं. म्हणून सुरुवात तुमच्या हद्दीला लागून असलेल्या शहरापासून करा, किंवा लागोपाठ दोन शेजारशेजारची शहरं घ्या, म्हणजे ती एकमेकांना धरून राहतात. गव्हर्नर लगेच तिथे पाठवा, त्याने टर्नला ८ निष्ठा मिळते. मॉन्युमेंट बांधा. एक युनिट आत ठेवा. निष्ठेचा बाण वर वळलेला दिसेपर्यंत त्या शहरातून सैन्य हलवू नका, आणि तिथे टिकणारच नाही असं लहानसं शहर असेल तर ते ठेवण्यापेक्षा जाळून टाकलेलं परवडतं. राजधानी मात्र जाळता येत नाही.

तह झाला की पुढचे दहा टर्न दोघांपैकी कुणालाच युद्ध पुकारता येत नाही. हा वेळ फार मोलाचा. जखमी युनिटं नव्या शहरात आणून बसवा, टर्नला २० जीव भरून येतो. हाताशी तीन आर्चर असले की मशिनरीच्या संशोधनाला वेग मिळतो, आणि मर्सेनरीज हे सिव्हिक झाल्यावर 'प्रोफेशनल आर्मी' लावली की अपग्रेड निम्म्या सोन्यात होतात. तेव्हा युद्धातून वाचलेले आर्चर मोडीत काढू नका. त्यांची प्रमोशनं अपग्रेडनंतरही तशीच राहतात, आणि दोन प्रमोशनं घेतलेला क्रॉसबोमन पुढच्या युद्धात नव्या दोघांचं काम करतो.